शिळेवरची तिथी

त्रॉन्हेम, सोमवार, १५ मार्च १९९९

रेजिना,

आशीर्वाद लिहावा की नुसतं नाव लिहावं, ह्यात माझी दहा मिनिटं गेली. मी थोरली आहे म्हणून आशीर्वाद लिहिते. त्यातून आणखी काही समजू नकोस.

दर नववर्षाला तुझं कार्ड येतं, माझं जातं. चार ओळी इकडून, चार तिकडून. आईला जाऊन एकवीस वर्षं झाली. तुझ्या चौऱ्याऐंशी ओळी माझ्या कपाटात आहेत, त्यातल्या निम्म्या गोटेबोर्गच्या हवेबद्दल.

आज लांब लिहायला सरकारी कारण आहे. गेल्या गुरुवारी संसदेत ठराव झाला. लढाईत आपल्या ज्यू लोकांचं जे काही नेलं, त्याची भरपाई म्हणून माणशी दोन लाख क्रोनर मिळणार. अर्ज ज्याचा त्याने करायचा. तुझा अर्ज सोबत आहे. जिथे जिथे सही हवी तिथे मी पेन्सिलीने फुली केली आहे, कारण इतकी वर्षं स्वीडिश बोलून तू आपली भाषा वाचायला विसरली असशील.

जिन्यात खालच्या आऊनेबाई भेटल्या. म्हणाल्या, "काय ब्लूमाबाई, आता तुम्ही सरकारचे जावई झालात की!" मी म्हटलं, "जावई कसले हो? सत्तावन्न वर्षांनी विचारताहेत, जेवलात का म्हणून." त्यावर त्या हसल्या आणि मग हसू नये असं त्यांना वाटलं. बिचाऱ्या चांगल्या आहेत. शनिवारी, शब्बाथ म्हणून, आमच्या जिन्यातला दिवा त्याच लावतात, मला सांगावं लागत नाही.

दुसरा अर्ज जास्त महत्त्वाचा आहे. बाबांना ज्या छावणीत ठेवलं होतं, तिथे सरकारच्या पैशातून शिळा उभी राहणार आहे. तिथे गेलेल्या प्रत्येकाचं नाव, आणि जाण्याचा दिवस दोन्ही कालगणनांनी, त्यांची आणि आपली. मी असं भरलं आहे: मेन्डेल ब्रॉडकिन, टोप्यांचे व्यापारी, शुक्रवार ६ नोव्हेंबर १९४२, २६ हेश्वान ५७०३. हयात असलेल्या सगळ्या मुलांच्या सह्या लागतात. सगळी मुलं म्हणजे आपण दोघी.

ती तिथी मी काढली होती हे तू विसरली नसशील. शनिवारी दुपारी तो माणूस बाबा गेल्याची बातमी कागदावर घेऊन आला, दारातच उभा राहिला आणि टोपी न काढता वाचून गेला. आईला भिंतीवरचं कॅलेंडर दिसेना. ती म्हणाली, "ब्लूमा, तू मॅट्रिक आहेस, तू बघ." मी पाहिलं, चिठ्ठीवर लिहिलं. त्या वर्षापासून आजपर्यंत एकही सव्वीस हेश्वान माझ्या दिव्याशिवाय गेलेली नाही. आमचे हे दवाखान्यात अखेरचे होते त्या वर्षीसुद्धा.

सही कर आणि लवकर धाड. दोन्ही अर्ज एकाच पाकिटात घाल, टपालाचा खर्च दोनदा कशाला.

ब्लूमा

---

त्रॉन्हेम, गुरुवार, २२ एप्रिल १९९९

रेजिना,

आपल्या घराची यादी आली. मी दफ्तरखान्याकडे मागितली होती, आता वारसांना प्रत देतात. आपण स्वीडनची सरहद्द ओलांडली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक कारकून आपल्या घरात शिरला आणि खोलीमागून खोली लिहीत गेला. सात पानं आहेत. अक्षर सुंदर आहे, हेच मला सहन होत नाही.

कॉफीचे कप चौदा, पैकी एकाचा कान तुटलेला. हेरिंग माशांचं लाकडी पिंप एक, अर्धं भरलेलं. पितळी शब्बाथ-दिवे दोन. टोप्यांचे साचे एकवीस. पियानो एक, काळा, चांगल्या स्थितीत. गाण्यांच्या वह्यांचा खण एक. आरसा, मुलीच्या उंचीचा. मुलीचा हिवाळी कोट, कॉलरला सशाची फर. मुलीच्या केसांच्या रेशमी फिती नऊ.

कोट तुझा. आरसा तुझा. पियानो कुणाचा ते विचारायलाच नको. आपण आठवड्यातून पाच दिवस मासे खायचो तेव्हा त्या पियानोचे हप्ते जात होते.

मी सातही पानं माझ्यासाठी पाहिली. दुसऱ्याच्या लग्नाच्या फोटोत आपण कुठे आलोय का शोधतात, तशी. माझे कपडे म्हणजे आईचे उसवून शिवलेले, ते आईच्या नावाखाली. माझी पुस्तकं वाचनालयाची. सातव्या पानावर तळाशी सापडलं: 'ज्यू लोकांचं भिंतीवरचं कॅलेंडर, किंमत नाही.' त्या घरातलं तेवढंच माझं.

पाचव्या पानावर एक गंमत आहे. 'मुलीचे स्केट, लाल चामडी, एक.' जोडीतला एकच. कारकुनाची चूक असणार.

हे लिहून झालं आणि तुझं कार्ड आलं. तीन ओळी. 'पैशाच्या अर्जावर सही केली. शिळेच्या अर्जावर केलेली नाही. तिथी बरोबर नाही. रेजिना.'

बरोबर नाही म्हणजे काय? बाबांच्या दाखल्यावर ६ नोव्हेंबर आहे. लढाईनंतर आई आपलंच घर परत मागायला कचेरीत गेली, तेव्हा तिथल्या साहेबाने तिलाच विचारलं, "नवरा मेला ह्याचा कागद आहे का?" त्या कागदासाठी ती चौदा महिने खेटे घालत होती आणि मी तिच्या बरोबर होते. तू तेव्हा गोटेबोर्गात वाद्यांच्या दुकानात नोकरीला होतीस आणि रविवारी, लग्नाच्या आधीच, यॉस्ताबरोबर बोटीतून फिरत होतीस. तो कागद माझ्यासमोर आहे. सहा म्हणजे सहा.

तुला शाळेत तारखा कधी लक्षात राहिल्या नाहीत. बाबा म्हणायचे, "आमच्या चिमणीला आकडे नकोत, तिला सूर पुरेत." आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "ब्लूमा दुकानाची वही बघेल." मी बघितली. अजून बघते. तेव्हा आकड्यांतलं मला शिकवू नकोस.

ब्लूमा

---

त्रॉन्हेम, बुधवार, ९ जून १९९९

तुझं दुसरं कार्ड आलं. 'ताई, मला जास्त लिहिता येत नाही. २७ लिही, मी लगेच सही करते.'

लिहिता येत नाही! नऊ फिती, आरसा, पियानो, आणि एक कारण लिहिता येत नाही.

शिळेच्या समितीत एक क्वामेबाई आहेत, तरुण आहेत, फोनवर फार हळू बोलतात, जणू मी काचेची आहे. काल म्हणाल्या, "ब्लूमाबाई, तुमच्या बहिणीने हरकत लेखी कळवली आहे. एक नोव्हेंबरपर्यंत दोघींचं जमलं नाही तर वडिलांचं नाव आम्ही कोरू, पण तुमच्या कालगणनेतला दिवस रिकामा ठेवावा लागेल."

"म्हणजे बिनतिथीचे?"

"नाव असेलच की."

मी फोन ठेवला. एवढ्या नावांत आमच्या बाबांपुढे तेवढी मोकळी जागा, आणि येणारा-जाणारा म्हणणार की ह्यांच्या मागे दिवस लक्षात ठेवायलाही कोणी नव्हतं. आणि मी इथे, चालत चाळीस मिनिटांवर राहणारी.

तुला १९५१ आठवतं? मला शब्दन् शब्द आठवतो. तू पहिल्यांदाच तिथीसाठी आली होतीस. आईने तीन दिवस आधी मासे आणून ठेवले, उशीला नवी खोळ घातली. माझ्या उशीला कधी घातली नव्हती. त्या दिवशी रविवार होता. गेलेल्यासाठी काद्दिशची प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात आणि आपल्या गावात दहा जमवायला दहा घरं फिरावी लागतात. मी फिरले होते. कोट घालून दारात उभी राहिले आणि म्हटलं, "चल गं, सिनेगॉगमध्ये माणसं येऊन बसलीत."

तू खुर्चीतून उठली नाहीस. "ताई, मी आज नाही येत. उद्या येईन."

"उद्या तिथे कुलूप असतं."

"मग इथेच बसेन."

"का? बाबांची तिथी काय तुझ्या यॉस्ताच्या सुट्टीवर ठरते?"

तू आईकडे पाहिलंस. आईने सूपच्या भांड्यात पाहिलं. पळी तिच्या हातात होती, ती तिने हलवलीही नाही. मग मी म्हटलं ते म्हटलं, की त्यांच्या घरात राहून दिवसही त्यांचेच मोजायला लागलीस, नाताळही करत असशील. तू बॅग भरलीस. आई म्हणाली, "पुरे." कुणाला म्हणाली ते मला तेव्हाही कळलं नाही. संध्याकाळच्या गाडीने तू गेलीस आणि आई खिडकीत बसून राहिली, आणि मी एकटी दहा पुरुषांमागे जाऊन उभी राहिले.

मी अठ्ठेचाळीस वर्षं ह्या गोष्टीचा विचार केला आहे. माझं मत असं की तुला बाबांचा दिवस माझ्यासारखा नको होता. सगळं तुझं वेगळं असायचं, दिवसही वेगळा हवा. मला मिळालेली एक गोष्ट होती, तीही तुला हवी झाली.

मी समितीला लेखी कळवते आहे की सव्वीस हीच तिथी आहे आणि छावणीचं मूळ दफ्तर तपासावं. माझ्या मागे सरकार उभं राहील, बघ तू.

ब्लूमा

---

त्रॉन्हेम, गुरुवार, २ सप्टेंबर १९९९

रेजिना,

थोडक्यात लिहिते.

क्वामेबाईंनी बोलावलं. छावणीच्या आजारखोलीची वही दफ्तरखान्यात होती, माझ्या पत्रामुळे त्यांनी ती काढली. त्यांनी मला हातमोजे दिले, पांढरे, आणि पान उघडून दिलं. त्यात बाबांचा आकडा आहे, नाव नंतर कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं आहे. कारण: हृदय. ह्या कारणावर मी काही बोलत नाही. तारीख ६. त्यापुढे एक रकाना आहे जो दाखल्यावर कधी उतरला नव्हता. वेळ: १७.४०.

मी दोनदा वाचलं. क्वामेबाई म्हणाल्या, "तारीख तुमचीच बरोबर निघाली, ब्लूमाबाई. सहाच." त्यांना बरं वाटलं माझ्यासाठी. कॉफी देत होत्या. मी नको म्हटलं.

तिथून सिनेगॉगवर गेले. किल्ली आयडेलसनांकडे असते, ते पायरीवर बसून पेअर कापून खात होते. मी विचारलं, "नोव्हेंबरच्या सहा तारखेला संध्याकाळी पाच चाळीसला कोणी गेलं तर तिथी कुठली?"

"कुठे? जेरुसलेमला?"

"इथे. आपल्याकडे."

"अगं, नोव्हेंबरात पावणेसहाला आपल्याकडे दिवस असतो कुठे? सूर्य चारच्या आत जातो. मी दुकानात दिवा लावून दोन तास झालेले असायचे." मग त्यांनी सुरी खाली ठेवली. "शुक्रवार होता का?"

"शुक्रवार."

"म्हणजे शब्बाथ लागला होता. दुसरा दिवस धरायचा. सत्तावीस." आणि माझा चेहरा पाहून म्हणाले, "कोणाचं आहे गं?"

जूनमध्ये इथे साडेअकरापर्यंत ऊन असतं, तेव्हा आपल्यातलं शेंबडं पोरही विचारतं की हा शुक्रवार की शनिवार. दिवस मावळतीला बदलतो हे मला दुधाबरोबर पाजलेलं आहे. आणि मी कचेरीची तारीख घेतली, कॅलेंडरच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि लिहून टाकलं. दारातल्या माणसाला मी वेळ विचारली नाही. एवढाच प्रश्न होता. 'किती वाजता?' अठरा वर्षांची, मॅट्रिक, गणितात पहिली.

छप्पन्न वर्षं मी रिकाम्या दिवशी दिवा लावला. ते दहा पुरुष दर वर्षी एक दिवस आधी उभे केले.

तुला कसं माहीत होतं?

ब्लूमा

---

त्रॉन्हेम, रविवार, १९ सप्टेंबर १९९९, दुपार

रेजिना,

आज मावळतीला प्रायश्चित्ताचा उपास सुरू होईल. त्याआधी ज्याची त्याच्याकडे मागायची असते, माफी. देवाकडे मागून भागत नाही, माणसाकडेच मागावी लागते, म्हणून बसले आहे. तुझं जाड पाकीट बुधवारी आलं. चार दिवस मी ते ताटाखाली ठेवून जेवले.

तुझी पानं वाचली. वाद्यांच्या दुकानात व्हायोलिनची तार घ्यायला आलेला नॉर्वेजियन माणूस, आणि तुझ्या बिल्ल्यावरचं ब्रॉडकिन हे आडनाव वाचून त्याने तार तशीच ठेवणं. तो त्या आजारखोलीत झाडलोट करायचा. त्याने तुला सांगितलं की खिडकी काळी झाली तशी बाबांनी वेळ विचारली, कळल्यावर शब्बाथच्या स्वागताचं गाणं ओठांतल्या ओठांत सुरू केलं, आणि ते पुरं व्हायच्या आत गेले. हे तू १९४७ पासून जवळ ठेवलंस.

मी तुला खरं सांगते. हे वाचून मला आधी रडू आलं नाही. आधी वाटलं, ते गाणंही तुलाच मिळालं. तो माणूस गोटेबोर्गात का आला, माझ्या दुकानात का नाही आला टोपी घ्यायला?

मग आईचं पत्र उघडलं. तुला लिहिलेलं. आठ पानं! मला आईचं आठ पानी पत्र कधीच आलं नाही. येणार कसं, मी तिच्याच घरात होते. मी तिचे पाय धूत होते, तिचे कपडे शिवत होते, एकतीस वर्षं तिच्यासमोर बसून जेवले, आणि ती मनातलं लिहून तुला टपालाने पाठवत होती.

त्यातला तो भाग मी इथे उतरवते, माझ्या अक्षरात. मला तो एकदा तरी माझ्या हाताने लिहून बघायचा आहे.

'रेजिने, तो माणूस सांगतो ते खरंच असणार. हे गेले तेव्हा काळोख झाला होता असं माझ्याही मनात कितीदा आलं. पण ब्लूमाला सांगू नकोस. माझी शपथ आहे. तिने ती चिठ्ठी हातमोज्यात घालून डोंगर ओलांडला. वाटाड्या ओरडत होता, हात चोळ, बोटं हलव, आणि पोर मूठ उघडीना. दोन बोटांची नखं गेली तिची. तुझ्याकडे ह्यांचे सूर आहेत, लाड आहेत, तुला ह्यांनी खांद्यावर घेतलेलं आहे. तिला ह्यांनी कामं दिली. तिच्याकडे ह्यांची ही एवढीच गोष्ट आहे, ती चुकीची असली तरी तिची आहे. सव्विसाला मी तिच्याबरोबर दिवा लावीन. सत्तावीस मी मनात पाळीन आणि तू तिथे दिव्याने पाळ, म्हणजे ह्यांना काही कमी पडणार नाही.'

दर वर्षी तिथीच्या दुसऱ्या दिवशी आई म्हणायची, "पोटात आंबट झालंय, मला नको." मावळतीपर्यंत पाणीसुद्धा नाही. मी म्हणायचे, "कालचे मासे बाधले," आणि तिचं ताट झाकून दुसऱ्या दिवशी मीच खायचे, वाया जायला नको म्हणून. आई उपास करत होती आणि मी शेजारी बसून तिचा उपास खात होते.

तू १९५१ ला एक शब्द बोलली असतीस तर मी गप्प झाले असते. तू आईकडे पाहिलंस आणि बॅग भरलीस. मी तुला काय काय बोलले, आणि तू ते घेऊन गेलीस. अठ्ठेचाळीस वर्षं. एवढं मी तुझ्यासाठी केलं नसतं. उपासाच्या आधी खोटं लिहिणार कसं? मी नसतं केलं. मी लगेच सांगून टाकलं असतं की तिथी माझीच बरोबर.

आता माफी. लाल स्केट. कारकुनाची चूक नव्हती. तुला ते वाढदिवसाला मिळाले त्या हिवाळ्यात एक मी मागच्या अंगणात राखेच्या डब्यात पुरला. मला कधी स्केट मिळाले नव्हते, मला मिळाली पाऊल उबदार ठेवायची लोकर, विणायला. बाबांनी रविवारभर तुझ्यासाठी तो शोधला, गुडघ्यांवर बसून, आणि मी त्यांच्यासाठी कंदील धरला होता. तू रडलीस. त्यांनी तुला मांडीवर घेतलं. म्हणजे त्यातूनही मला काही मिळालं नाही.

माफ कर. स्केटसाठी, आणि १९५१ साठी, आणि अजूनही ही आठ पानं मला आली नाहीत म्हणून जे वाटतं आहे त्यासाठी. ते गेलेलं नाही. ते गेलं की लिहीन असं ठरवलं असतं तर हे पत्र निघालंच नसतं.

सूर्य उतरतो आहे. आऊनेबाईंच्या हाती पत्र देते, त्या कोपऱ्यावर टाकतील.

तुझी थोरली,
ब्लूमा

---

त्रॉन्हेम, गुरुवार, २१ ऑक्टोबर १९९९

रेजिना,

तुझी ओळ मिळाली. 'ताई, त्यात माफ करण्यासारखं काही नाही, पण स्केटचं मात्र मला तेव्हाच माहीत होतं, तुझ्या बाहीला राख होती.' आणि तू बाबांना सांगितलं नाहीस! हे वाचून मी तासभर चिडून बसले. तुला एकदा तरी माझ्यापेक्षा वाईट वागायला काय होतं?

असो. काम आहे ते लिहिते.

आज मी क्वामेबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "दिवस रिकामा ठेवायचा का?"

"नाही. सत्तावीस हेश्वान लिहा."

"बहिणीचं म्हणणं मान्य केलंत?"

"तिचं नाही. सूर्याचं." मग मला वाटलं हे काही खरं नाही. मी म्हटलं, "होय, बहिणीचं. तिचंच बरोबर होतं." त्यांनी ते लिहून घेतलं नाही, पण मी मोठ्याने म्हटलं. तिथे दुसऱ्या टेबलावर दोघं बसले होते, त्यांनीही ऐकलं. अर्ज सोबत आहे, माझी सही झाली आहे, तुझी राहिली आहे. ह्या वेळी पेन्सिलीची फुली केलेली नाही.

आता ऐक. मी ह्या वर्षाचं कॅलेंडर काढून बसले, आणि ह्या वेळी वेळेसकट पाहिलं. ह्या वर्षीसुद्धा सहा नोव्हेंबर आणि सत्तावीस हेश्वान एकाच दिवशी आहेत, आणि तो दिवस शनिवार आहे. म्हणजे वार आणि तिथी त्या वर्षीसारखेच पडले आहेत. पण शब्बाथला काडी ओढता येत नाही. तेव्हा बाबांचा दिवा शुक्रवारीच, शब्बाथच्या दिव्यांच्या आधी लावायचा. शुक्रवारी, पाच तारखेला, मी तो लावीन तेव्हा ऊन असेल. म्हणजे तेव्हा सव्वीस चालू असेल.

मी आयडेलसनांना विचारलं, "मग हा दिवा कुठल्या दिवसाचा?"

ते म्हणाले, "लावतेस सव्विसाला, जळतो सत्ताविसाला. आणि अशी तिथी शब्बाथला आली की दर वेळी असंच. तुला हे इतकी वर्षं माहीत नव्हतं?"

"मला सव्वीसच माहीत होतं," मी म्हटलं.

"मग तू एवढी वर्षं वात तयार ठेवून बसली होतीस असं समज," ते म्हणाले, आणि पेअर खायला लागले. मला ते काही पटलं नाही. पण मी घरी आले आणि मला झोप लागली.

सरकारचे पैसे अजून यायचे आहेत. ते कधी येतील ह्याची वाट मी बघत नाही. माझ्या घरखर्चातून तुझं तिकीट काढलं आहे, सोबत आहे. गुरुवारी ऑस्लोला गाडी बदलून रात्री निघशील, शुक्रवारी सकाळी इथे. येण्याजाण्याचं एकत्र काढलं, ते स्वस्त पडतं. परतीची तारीख मात्र मोकळी ठेवली आहे. त्याला चाळीस क्रोनर जास्त पडले.

यॉस्ताला यायचं असेल तर येऊ दे. त्याचं तिकीट त्याने काढावं. जेवायला मासे आहेत, त्याला चालतील तर चालतील. तुझ्या उशीला नवी खोळ घातली आहे. माझ्याही घातली आहे.

दिवा तीन पस्तीसला लावायचा. त्यानंतर एक मिनिटही थांबता येणार नाही. काडी मी ओढणार, ह्यावर वाद नको, मी थोरली आहे. तू माझ्या उजवीकडे उभी राहा. डावा कान आता गेला आहे, आणि तू जे म्हणशील ते मला सगळं ऐकायचं आहे.

ब्लूमाताई